पटकी, मृत्युपत्र आणि तेवीस वर्षांची कोर्टकचेरी

दवाखान्यात अधूनमधून एक विनंती येते, तिचा औषधाशी काही संबंध नसतो. घरातली म्हातारी व्यक्ती भरती असते, सलाईन सुरू असतं, आणि मुलगा किंवा जावई मला बाजूला घेऊन हळूच विचारतो, "डॉक्टरसाहेब, बाबा शुद्धीवर आहेत असं एक सर्टिफिकेट देता का? विल करायचं आहे." खाली गाडीत वकील बसलेले असतात. कागद टाईप झालेला असतो. अंगठ्यासाठी शाईचा पॅडही कुणीतरी खिशात घालून आणलेला असतो.

अशा वेळी मी काय करतो आणि का करतो, हे समजावून सांगायला मला नेहमी एक जुनी गोष्ट आठवते. तिच्यात लोकमान्य टिळक आहेत, आपल्या वऱ्हाडचे दादासाहेब खापर्डे आहेत, औरंगाबाद आहे, लंडन आहे, आणि सुरुवातीला एक आजार आहे, पटकी. म्हणजे कॉलरा. इतिहासाच्या पुस्तकांत ती 'ताईमहाराज प्रकरण' या नावाने येते आणि बहुतेक वेळा टिळकांना सरकारने कसं छळलं एवढ्यापुरतीच सांगितली जाते. छळलं हे खरंच आहे. पण डॉक्टरच्या नजरेने पाहिलं तर ही एका मृत्युपत्राची केस हिस्टरी आहे.

वर्ष १८९७. पुण्यात प्लेगने कहर केलेला. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली मुंबईत अटक झाली आणि ४ ऑगस्टला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामिनावर सोडलं. टिळक पुण्याला परतले, तर त्यांचे स्नेही वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज पटकीने अंथरुणाला खिळलेले. बाबामहाराज पुण्याचे पहिल्या दर्जाचे सरदार. मोठी इस्टेट, पण कर्जात बुडालेली. पत्नी ताईमहाराज अगदी कोवळ्या वयाच्या आणि गरोदर. मुलगा नाही.

७ ऑगस्टला बाबामहाराजांनी मृत्युपत्र केलं आणि त्याच दिवशी ते गेले.

मृत्युपत्र घाईत झालं असलं तरी विचार करून केलेलं होतं, हे मान्य करावं लागेल. पत्नी गरोदर आहे. मुलगा झाला नाही, किंवा झाला आणि जगला नाही, तर घराण्याचं नाव चालवण्यासाठी विश्वस्तांच्या संमतीने तिच्या मांडीवर दत्तक द्यावा, गरज पडेल तितक्यांदा द्यावा, आणि तो सज्ञान होईपर्यंत विश्वस्तांनी वहिवाट पाहावी, अशी त्यात सोय होती. विश्वस्तांत टिळक होते, अमरावतीचे गणेश श्रीकृष्ण खापर्डे होते, आणखी काही मंडळी होती. जामिनावर सुटलेल्या, समोर तुरुंग दिसत असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या कर्जबाजारी इस्टेटीचं लोढणं गळ्यात घेतलं. मरणाऱ्या मित्राला नाही म्हणवत नाही, हे आपण सगळेच जाणतो. सप्टेंबरमध्ये टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि ते आत गेले.

जानेवारी १८९८ मध्ये ताईमहाराजांना मुलगा झाला. मार्चमध्ये तो वारला.

मृत्युपत्रातला 'जगला नाही तर' हा भाग आता खरा ठरला. टिळक सुटून आल्यावर इस्टेटीच्या कर्जाची आवराआवर सुरू झाली आणि पुढे दत्तकाचा विषय निघाला. जून १९०१ मध्ये टिळक, खापर्डे आणि ताईमहाराज औरंगाबादला गेले. तिथे याच पंडित घराण्याची एक शाखा होती. त्या शाखेतला जगन्नाथ नावाचा लहान मुलगा दत्तक घेतला गेला. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात. सगळे पुण्याला परतले आणि काही आठवड्यांतच चित्र पालटलं. ताईमहाराजांनी जगन्नाथाचं दत्तक नाकारलं, विश्वस्तांचा अधिकार काढून घ्यावा म्हणून जुलैअखेर पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशाकडे अर्ज केला आणि ऑगस्टमध्ये कोल्हापूरकडचा बाळामहाराज हा दुसराच मुलगा दत्तक घेतला.

इथे एक कायद्याची गाठ आहे, ती समजली की पुढचं सगळं समजतं. बाबामहाराज गेले तेव्हा मूल पोटात होतं. ते जन्मलं, मुलगा झाला, आणि वडिलोपार्जित मालमत्ता त्या तान्ह्या मुलाची झाली. तो वारल्यावर वारसाहक्काने ती आईकडे आली. मग मृत्युपत्रातल्या विश्वस्तांचं काय उरलं? ताईमहाराजांच्या बाजूचा मुख्य मुद्दा हा होता. दोन महिने जगलेल्या बाळामुळे बापाचा शेवटचा शब्द रद्द होतो का? शिवाय औरंगाबादला रीतसर दत्तकविधी झालाच नाही, आपल्यावर दबाव होता, असंही त्यांच्या बाजूने मांडलं गेलं.

जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांनी एप्रिल १९०२ मध्ये मृत्युपत्राचं प्रोबेट रद्द केलं. प्रोबेट म्हणजे 'हे मृत्युपत्र खरं आहे आणि हे लोक ते अमलात आणतील' असा न्यायालयाचा दाखला. एवढ्यावर न थांबता त्यांनी खोटी साक्ष, खोटे कागद अशा आरोपांवरून टिळकांवर फौजदारी खटला भरण्यासाठी प्रकरण मॅजिस्ट्रेटकडे पाठवलं. ऑगस्ट १९०३ मध्ये टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. अपिलात ती सहा महिन्यांवर आली. मार्च १९०४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या पीठाने, त्यांना निर्दोष सोडलं. दरम्यान ताईमहाराज १९०३ मध्येच वारल्या होत्या.

फौजदारी संपली, दिवाणी चालूच. १९०६ मध्ये खालच्या न्यायालयाने जगन्नाथाचं दत्तक वैध ठरवलं. १९१० मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. शेवटी मार्च १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून औरंगाबादचं दत्तक कायम केलं. ज्या साक्षीदारांना खोटं ठरवलं गेलं, त्यांच्यासमोर तो आरोप ठेवून खुलासा करायची संधीच दिली गेली नव्हती, यावर प्रिव्ही कौन्सिलने नेमकं बोट ठेवलं. हा निकाल आजही साक्षीपुराव्याच्या वादात वकील काढतात.

तरी शेपूट उरलंच. जुलै १९२० मध्ये याच प्रकरणाच्या कामासाठी टिळक मुंबईला गेले. निकाल बाजूने लागला. तिथेच सरदारगृहात त्यांना ताप भरला, तो वाढत गेला, आणि १ ऑगस्ट १९२० ला ते गेले. पटकीच्या अंथरुणावर काही तासांत झालेला कागद तेवीस वर्षं पुरला.

मला या गोष्टीत सगळ्यांत जास्त वाईट ताईमहाराजांबद्दल वाटतं. आपल्याकडे त्यांचा उल्लेख 'दुसऱ्यांच्या नादी लागलेली बाई' अशा सुरात होतो. जरा त्यांच्या बाजूने पाहा. नवरा एका दिवसात गेला. सहा महिन्यांनी मूल झालं, ते दोन महिन्यांत गेलं. मांडीवर कोणता मुलगा घ्यायचा याला पाच-सहा पुरुषांची संमती लागणार. मृत्युपत्रात पुढचं किती बारकाईने योजलेलं होतं, पण तिला काय हवं आहे हे विचारायला त्या ७ ऑगस्टला वेळ नव्हता. वेळ असता तर विचारलं असतं का, हाही प्रश्नच आहे. आजही मी जी मृत्युपत्रं पाहतो त्यांत शेताचा गट नंबर चुकत नाही, पण 'पत्नीने मुलांजवळ राहावे' या एका ओळीत बायकोचा निकाल लावलेला असतो. कोणत्या मुलाजवळ? नाही पटलं तर? तिच्या नावावर काय? हे रिकामं सोडलं की भांडण तिथूनच सुरू होतं.

आता डॉक्टर म्हणून माझा प्रश्न. पटकीने मरणासन्न असलेला माणूस मृत्युपत्र करण्याइतका भानावर असतो का?

उत्तर थोडं अनपेक्षित आहे. बहुतेक वेळा असतो. पटकीत आतड्यातून पाणी आणि क्षार इतक्या वेगाने निघून जातात की काही तासांत डोळे खोल जातात, गाल बसतात, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतते, आवाज कुजबुजीइतका बारीक होतो. नाडी हाताला लागत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, संपलं. पण मेंदू बराच काळ जागा राहतो. रुग्ण विचारलेलं समजतो, हळू आवाजात बरोबर उत्तर देतो. ग्लानी येते ती उशिरा, रक्तदाब फारच कोसळल्यावर किंवा रक्तातली साखर उतरल्यावर. तेव्हा बाबामहाराजांनी त्या अवस्थेत विचारपूर्वक कागद करणं वैद्यकीयदृष्ट्या अगदी शक्य आहे. हळहळ एवढीच की आज हा आजार मारत नाही. सलाईन आणि मीठ-साखर-पाण्याने तो बरा होतो. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ओआरएसच्या जोरावर असंख्य पटकीचे रुग्ण वाचवले. १८९७ मध्ये यातलं काही हाताशी नव्हतं.

उलट ज्या आजारांत माणूस बाहेरून बरा दिसतो त्यांत मन ठिकाणावर नसण्याची भीती जास्त. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा जंतुसंसर्ग झाला, रक्तातलं सोडियम उतरलं, लिव्हर थकलं, किंवा ऑपरेशननंतर दोन रात्री झोप झाली नाही, की तो बरळायला लागतो. सकाळी नातवाला ओळखतो, संध्याकाळी वारलेल्या भावाला हाक मारतो. याला आम्ही डिलिरियम म्हणतो. त्याचं वैशिष्ट्यच चढउतार. सकाळी दहाला केलेली सही आणि रात्री आठला केलेली सही यांची किंमत सारखी नसते. सुरुवातीचा स्मृतिभ्रंश त्याहून फसवा. माणूस हसून बोलतो, चहा विचारतो, जुन्या आठवणी रंगवून सांगतो, पण मागच्या वर्षी विकलेलं शेत त्याच्या हिशेबात अजून घरचंच असतं. आणि अर्धांगवायूत याच्या अगदी उलट होऊ शकतं: वाचा गेलेली, तोंड वाकडं, उजवा हात लुळा, पण समज शंभर टक्के शाबूत. असा माणूस मानेने हो-नाही करून व्यवस्थित मृत्युपत्र करू शकतो. त्याला 'बाबांना आता काही कळत नाही' म्हणणं हा अन्याय आहे.

न्यायालयं हे कसं तोलतात? त्याचा पाया १८७० सालच्या एका इंग्लिश खटल्यात आहे, बँक्स विरुद्ध गुडफेलो. जॉन बँक्स नावाचा गृहस्थ काही काळ वेड्यांच्या इस्पितळात राहून आलेला. मरून गेलेला एक माणूस आपल्या मागावर आहे असा त्याचा पक्का भ्रम. अशा माणसाने घरं भाचीला देण्याचं मृत्युपत्र केलं. त्याच्या वेडाकडे बोट दाखवून ते रद्द करा, अशी मागणी झाली. मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांनी मृत्युपत्र कायम ठेवलं. तर्क साधा होता: आपण काय करतो आहोत हे त्याला कळतं का, आपलं काय आणि किती आहे हे माहीत आहे का, कुणाकुणाचा आपल्यावर हक्क पोचतो याचं भान आहे का, आणि डोक्यातल्या भ्रमामुळे हा निर्णय वाकडा झाला आहे का? भ्रम असला तरी त्याचा या निर्णयाशी संबंध नसेल तर मृत्युपत्र टिकतं. दीडशे वर्षं उलटून गेली, पण मी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून जे प्रश्न विचारतो ते हेच. "काका, शेत किती एकर? कुठं आहे? मुलं किती? पोरी कुठं दिल्या? हे घर कुणाला देता? आणि धाकट्याला का नाही?" शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत महत्त्वाचं. "तो येत नाही, बघत नाही" हे उत्तर मला चालतं. वकिलाकडे किंवा मोठ्या मुलाकडे बघत "यांनी सांगितलं तसं" हे उत्तर चालत नाही.

आपला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा हेच सांगतो. शरीराने अगदी खंगलेला माणूसही, निर्णय करण्याइतकी बुद्धी असेल तर मृत्युपत्र करू शकतो. ज्याला मानसिक आजार आहे, तोही मन ठीक असण्याच्या काळात करू शकतो. नशेत किंवा आजाराच्या गुंगीत आपण काय करतो हे कळत नसेल, तर मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये वेंकटाचल अय्यंगार खटल्यात आणखी एक गोष्ट पक्की केली. मृत्युपत्राभोवती संशयाची परिस्थिती असेल, तर तो संशय दूर करण्याची जबाबदारी ते पुढे आणणाऱ्याची. सही थरथरती आहे, मन दुबळं दिसतं आहे, जवळच्या वारसाला कारण न सांगता वगळलं आहे, ज्याला सगळं मिळतं त्यानेच सगळी धावपळ केली आहे, अशा गोष्टी संशयाच्या. वर लिहिलेला तो गाडीतला वकील आणि खिशातला शाईचा पॅड पुन्हा आठवून पाहा.

लोक म्हणतात, न्यायालयाने माणसाची शेवटची इच्छा डावलली. कधी कधी तसं होतंही. पण बहुतेक वेळा न्यायालयापुढे प्रश्न वेगळा असतो: ही इच्छा खरंच त्याची होती का? ज्याला विचारायचं तो साक्षीला येऊ शकत नाही. म्हणून मग डॉक्टरला बोलावतात. बाळासाहेब ठाकरे यांच्या डिसेंबर २०११ च्या मृत्युपत्रावरून मुंबई उच्च न्यायालयात वाद गेला तेव्हा सही करताना त्यांची मानसिक अवस्था कशी होती यावरच भर होता आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं. २०१८ मध्ये दावा मागे घेतला गेला. इतक्या मोठ्या माणसाबाबत हे घडतं, तिथे रिसोड किंवा मानोऱ्याच्या शेतकऱ्याच्या कागदाबाबत का घडणार नाही?

म्हणून माझ्या सर्टिफिकेटचं वजन किती, हेही सांगतो. न्यायालयाला ते बांधील नसतं. 'रुग्ण शुद्धीवर आहे' एवढी एक ओळ म्हणजे जवळजवळ काहीच नाही. तारीख, वेळ, कोणते प्रश्न विचारले, काय उत्तरं आली, कोणती गुंगीची औषधं चालू होती, खोलीत कोण होतं, असं लिहिलं तर त्याला अर्थ येतो. नातेवाइकांना मी खोलीबाहेर थांबायला सांगतो. काहींना राग येतो. येऊ दे.

आता मृत्युपत्र जुनं पडण्याचं पाहू. माझ्या मते लोकांचा यातला निष्काळजीपणा मृत्युपत्र न करण्याइतकाच महाग पडतो.

महंमद अली जिना यांनी ३० मे १९३९ रोजी मृत्युपत्र केलं, तेव्हा ते मुंबईचे नामांकित बॅरिस्टर होते. मलबार हिलचा बंगला बहीण फातिमाला, देणग्या मुंबई विद्यापीठाला आणि अलीगढला. पुढे देशाची फाळणी झाली, ते कराचीला गेले, सप्टेंबर १९४८ मध्ये क्षयाने वारले. मृत्युपत्र फाळणीआधीचंच राहिलं. बहिणीला दिलेला बंगला आता दुसऱ्या देशात, निर्वासित मालमत्तेच्या कायद्यात अडकलेला. साठ वर्षांनंतरही त्यावरून मुंबई उच्च न्यायालयात याचिका होती. स्वतः इतका मोठा कायदेपंडित! क्षय लपवला तसं हेही राहून गेलं असावं, असा माझा आपला एक तर्क.

दुसरं उदाहरण आपल्या भिंतीवरचं. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर ऑगस्ट २०१३ मध्ये गेले. त्यांचं २०११ चं मृत्युपत्र होतं. पण काही म्युच्युअल फंड आणि ठेवींवर नॉमिनी म्हणून ठरावीक नावं होती. नॉमिनी म्हणजेच मालक, की मृत्युपत्राप्रमाणे वाटणी? हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल लागला: नॉमिनी हा मालक होत नाही, तो पैसे ताब्यात घेणारा, पुढे ते वारसाहक्काप्रमाणे किंवा मृत्युपत्राप्रमाणे जायचे. दहा वर्षं गेली. आपल्याकडे निम्म्या लोकांना वाटतं की बँकेत नॉमिनी लावला म्हणजे विल झालं. झालेलं नसतं. आणि लग्नाआधी नोकरीला लागताना आईचं नाव नॉमिनी म्हणून लिहिलं, ती वारून पंधरा वर्षं झाली तरी कागदावर तीच, असे तर कितीतरी.

तेव्हा मृत्युपत्र केव्हा काढून वाचावं? घरात जन्म, मृत्यू, लग्न, फारकत झाली की. शेत विकलं, प्लॉट घेतला की. मृत्युपत्रात दिलेलं शेत तुम्ही विकून टाकलंत तर त्या मुलाच्या हाती काही येत नाही, बाकीच्यांचं मात्र शाबूत राहतं. कायदा बदलला की पुन्हा. २००५ पासून हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे. त्याआधीच्या समजुतीवर केलेल्या कागदात बापाने आपल्या वाट्यापेक्षा जास्त वाटलेलं असू शकतं, आणि जे आपलं नाही ते देता येत नाही. धर्माप्रमाणे आणि प्रांताप्रमाणेही फरक आहेत. ख्रिस्ती किंवा पारशी माणसाचं जुनं मृत्युपत्र लग्नाने आपोआप रद्द होतं, हिंदूंचं होत नाही. मुस्लिम व्यक्तीला सर्वसाधारणपणे एक तृतीयांशच मृत्युपत्राने देता येतं. गोव्यात मुलंबाळं असतील तर निम्म्यावर त्यांचा हक्क ठरलेला. तुमचं काय ते वकिलाला विचारा. मी डॉक्टर आहे.

आणि मोठा आजार निघाला की. हे मात्र माझ्या अखत्यारीतलं. पार्किन्सन, विसरभोळेपणा, पहिला छोटा झटका, लिव्हर किंवा किडनीचा जुनाट आजार, कॅन्सर यांचं निदान झालं त्या महिन्यातच कागद काढा. तेव्हा बुद्धी शाबूत असते आणि तशी नोंद माझ्या केसपेपरवर असते. पुढे गुंगीच्या गोळ्या सुरू झाल्या की तेच काम दहापट अवघड.

मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येतं. शेवटचं असेल ते खरं. नोंदणी सक्तीची नाही, स्टॅम्पही लागत नाही, पण दोन साक्षीदार लागतातच. नोंदवलेलं मृत्युपत्रसुद्धा नंतरच्या, न नोंदवलेल्या मृत्युपत्राने रद्द होऊ शकतं, म्हणून नव्या कागदात 'आधीची सर्व रद्द' हे वाक्य आणि तारीख हवी. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण घ्या. साक्षीदारच आधी गेले तर पंचाईत. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. आणि जुनी प्रत फाडून टाका. दोन वेगवेगळ्या ट्रंकांतून दोन वेगवेगळी मृत्युपत्रं निघाली की तलाठ्याकडचा फेरफार अडतो आणि भाऊ भावाशी बोलायचे थांबतात.

एक गल्लत बरेचजण करतात. 'लिव्हिंग विल' म्हणजे वेगळा कागद. त्यात मालमत्ता नसते. आपण बोलण्याच्या स्थितीत नसताना व्हेंटिलेटर लावायचा की नाही, उपचार कुठे थांबवायचे, आणि आपल्या वतीने कोण बोलेल, हे असतं. केईएमच्या अरुणा शानबाग यांच्या खटल्यातून हा विषय देशभर चर्चेत आला. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा. तो कागद ट्रंकेत ठेवून उपयोगी नाही. घरच्यांकडे आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे त्याची प्रत हवी, कारण तो तुमच्या मरणाआधी लागणार असतो.

मालमत्तेचं मृत्युपत्र मात्र कुणाला आधी दाखवायचं नसेल तर सीलबंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतं. ही सोय आहे हे आपल्या जिल्ह्यात फारच थोड्यांना ठाऊक आहे. आपली कचेरी वाशिमलाच आहे.